अ‍ॅम्प्लिफायरची लाल वायर आणि बॅटरीजवळचा फ्यूज

गाडीत सबवूफर बसवायचा म्हटलं की चर्चा स्पीकर कुठला, दणका किती आणि बिल कितीवर जाणार यांचीच होते. वायरचा विषय निघतो तो अगदी शेवटी, आणि तोही एका वाक्यात मिटतो: “किट आपल्याकडेच आहे साहेब, त्याचं टेन्शन घेऊ नका.” खरं तर टेन्शन घ्यायचं असेल तर त्याचंच घ्यावं. स्पीकर हलका निघाला तर आवाज खराब येईल. बॅटरीपासून डिकीतल्या अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाणारी लाल वायर चुकीची निघाली तर गाडी पेटू शकते.

हिशेब मात्र शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडचा नाही. अ‍ॅम्प्लिफायर किती अँपिअर ओढतो, वायर किती लांब जाणार, त्यावरून ती किती जाड हवी, आणि त्या जाडीला कोणता फ्यूज झेपेल. याच क्रमाने गेलं की घोळ होत नाही. दुकानात बहुतेक वेळा क्रम उलटा असतो: शेल्फवर जे किट आहे ते बसवायचं आणि त्यासोबत आलेला फ्यूज लावायचा.

अँपिअर किती

घरातला ५०० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टवर साधारण सव्वादोन अँपिअर घेतो. तेवढेच ५०० वॅट गाडीत, इंजिन चालू असतानाच्या १३.८ व्होल्टवर घ्यायचे तर ३६ अँपिअर लागतात. वायर तापते ती अँपिअरमुळे, आणि वर्गाच्या प्रमाणात: करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. म्हणून ‘घरी एवढ्याशा वायरवर मिक्सर चालतो की’ हा युक्तिवाद गाडीत लागू पडत नाही.

आता अ‍ॅम्प्लिफायर नेमके किती वॅट घेतो? खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘३५०० वॅट’ लिहिलेलं असतं, ते विसरून जा. बघायचा तो आरएमएस पॉवरचा आकडा, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आवाज न फाटता सलग किती वॅट देऊ शकतो तो. अमेरिकेत यासाठी सीईए-२००६ नावाचं ऐच्छिक मानक आहे. आता त्याला सीटीए-२००६ म्हणतात. त्यानुसार पॉवर मोजायची ती १४.४ व्होल्ट पुरवठ्यावर, ४ ओहमच्या लोडवर, म्हणजे तेवढा रोध असलेल्या स्पीकरसारख्या भारावर, आणि विकृती एक टक्क्याच्या आत ठेवून. माहितीपत्रकात या मानकाचा उल्लेख असेल तर त्या आकड्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवता येतो.

माहितीपत्रक नसेल, किंवा त्यावरही ‘मॅक्स पॉवर’च छापलेली असेल, तर अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवरच्या स्क्रूंकडची बाजू बघा. तिथे रंगीत प्लॅस्टिकचे ब्लेड फ्यूज खोचलेले असतात. हिरवा फ्यूज म्हणजे ३० अँपिअर. ‘३५०० वॅट’च्या डब्यावर असा एकच हिरवा फ्यूज दिसला तर गणित सोपं आहे: ३० गुणिले १४.४ म्हणजे ४३२ वॅट. हा डबा आत घेऊन घेऊन एवढंच घेणार. त्यातले साठ टक्के स्पीकरकडे गेले असं धरलं तर बाहेर पडतात सुमारे २६० वॅट. उरलेले सव्वातीन हजार वॅट खोक्यावरच राहतात.

साठ टक्के का, तर अ‍ॅम्प्लिफायर घेतलेली सगळी वीज आवाजात बदलत नाही, काही उष्णतेत जाते. जुन्या पद्धतीच्या क्लास एबी अ‍ॅम्प्लिफायरची कार्यक्षमता पूर्ण आवाजात ५० ते ६० टक्के धरावी, क्लास डीची ७५ ते ८५. सबवूफरसाठी मिळणारे मोनोब्लॉक, म्हणजे एकाच चॅनलचे अ‍ॅम्प्लिफायर, हल्ली बहुतेक क्लास डीच असतात.

एक नेहमीची मांडणी घेऊ. पेट्रोल हॅचबॅक, बॅटरी बॉनेटखाली, मागच्या सीटमागे दोन अ‍ॅम्प्लिफायर. सबवूफरला क्लास डी मोनोब्लॉक, ४०० वॅट आरएमएस. दारांच्या स्पीकरना क्लास एबीचा चार चॅनल, प्रत्येकी ५० म्हणजे २०० वॅट. मोनोब्लॉक घेणार ४०० भागिले ०.८, म्हणजे ५०० वॅट. चार चॅनलवाला २०० भागिले ०.५५, म्हणजे सुमारे ३६४. दोन्ही मिळून ८६४ वॅट, भागिले १३.८ व्होल्ट: जवळपास ६३ अँपिअर.

इथे एक खाचखळगा आहे. मोनोब्लॉकवर ४ ओहमला एक आणि २ ओहमला दुसरा, मोठा आकडा दिलेला असतो. सबवूफर ज्या ओहमवर जोडणार आहात त्याचाच आकडा हिशेबात घ्या. आज ४ ओहमवर जोडून उद्या ‘थोडा अजून बास’ म्हणून २ ओहमवर आणलात, तर वायरचा आणि फ्यूजचा सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो.

गाणं काही सलग ६३ अँपिअर ओढत नाही. ढोलाचा ठोका पडला की करंट उसळतो, मग खाली येतो. सरासरी बरीच कमी, बहुतेक वेळा तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. तरीही जाडी ठरवताना पूर्ण आकडाच धरायचा, कारण वायर अपुरी असेल तर व्होल्टेज पडतं ते नेमकं त्या ठोक्यालाच.

लांबी आणि जाडी

लांबी टेपने मोजा, अंदाजाने नको. गाडी पावणेचार मीटरची असली तरी वायर सरळ जात नाही. बॅटरीपासून फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा, तिथून डॅशबोर्डखाली, दाराच्या उंबरठ्याच्या पट्टीखालून मागे, मग सीटमागे वर. पाच मीटर सहज लागतात.

मग हे एकच सूत्र लागतं: अँपिअर गुणिले मीटर गुणिले ०.०१७५, भागिले वायरच्या तांब्याचं क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये. उत्तर येतं ते वायरमध्ये वाया जाणाऱ्या व्होल्टचं. मधला ०.०१७५ हा तांब्याचा आकडा: एक मीटर लांब आणि एक चौ. मिमी जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध साधारण तेवढे ओहम असतो.

आपल्या उदाहरणात ६३ गुणिले ५ गुणिले ०.०१७५ म्हणजे ५.५. सहा चौ. मिमीच्या वायरमध्ये ०.९ व्होल्ट जाणार, दहाच्या वायरमध्ये ०.५५, सोळामध्ये ०.३५, पंचवीसमध्ये ०.२२. निगेटिव्हची बाजू, फ्यूज आणि सांधे धरून एकूण घट अर्ध्या व्होल्टच्या आत राहावी असं पाहायचं. म्हणजे दहा इथेच बाद. सोळा काठावर पास. मी पंचवीसची घेईन, कारण अ‍ॅम्प्लिफायर पुढे बदलला जातोच, पण कार्पेट उचकटून वायर पुन्हा ओढायचा उत्साह कोणालाच राहत नाही.

बाजारातली किटं चौ. मिमीमध्ये न बोलता गेजमध्ये बोलतात, आणि गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड. अमेरिकन गेजप्रमाणे ८ गेज म्हणजे ८.४ चौ. मिमी, ४ गेज म्हणजे २१, आणि ‘झिरो गेज’ म्हणजे ५३. आपल्या मांडणीला ४ गेज शोभेल. मात्र खरी ४ गेज.

‘खरी’ म्हणायचं कारण असं की याच जागी सर्वांत जास्त फसवणूक होते. एक प्रकार सोपा आहे: वरचं प्लॅस्टिक जाड, आतलं तांबं बारीक. वायर बाहेरून बोटाएवढी दिसते. टोक कापून नुसत्या तारांच्या जुडग्याची जाडी बघा. ४ गेजचं जुडगं सहा मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त भरतं. चारच मिलिमीटर भरलं तर ती ८ गेज आहे, वर काहीही छापलेलं असो.

दुसरा प्रकार कापूनही लगेच कळत नाही. तार आतून अ‍ॅल्युमिनियमची आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा. व्यवहारात तिला ‘सीसीए’ म्हणतात. अ‍ॅल्युमिनियमची वीजवाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के. मुलामा धरून ती दोन तृतीयांशाच्या आसपास जाते. म्हणजे सीसीएची ‘४ गेज’ वायर काम करणार १४ चौ. मिमी तांब्याएवढंच. सीसीए वापरणं म्हणजे गुन्हा नव्हे, जाडी त्या हिशेबाने वाढवली आणि फ्यूज त्याप्रमाणे उतरवला तर चालते. पण पैसे तांब्याचे मोजायचे आणि हिशेबही तांब्याचा धरायचा, तर वायर जास्त तापणार. शिवाय अ‍ॅल्युमिनियम स्क्रूखाली दाबलं गेलं की हळूहळू सरकतं आणि सांधा सैल पडतो. कोकण-गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत उघड्या टोकाला गंज लागायलाही वेळ लागत नाही.

ओळखायचं कसं? एक तार सुटी करून ब्लेडने खरवडा. आत चंदेरी दिसली तर सीसीए. मात्र काही अस्सल तांब्याच्या वायरींवर कथलाचा मुलामा असतो. त्या वरून चंदेरी आणि आतून तांबूस असतात, त्या उत्तमच. खरवडायची सोय नसेल तर वायर सरळ स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा. तांबं जड असतं. ४ गेजच्या एक मीटर वायरमध्ये नुसतं तांबंच १९० ग्रॅम असतं, सीसीए असेल तर धातूचं वजन ७५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे पाच मीटरची खरी लाल वायर प्लॅस्टिकसकट किलोच्या वर भरायला हवी. पाऊण किलोच्या आसपास भरली तर दुकानदाराला प्रश्न विचारायला हरकत नाही.

किटच्या भानगडीत न पडता मीटरवर केबल घेता येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत हव्या त्या जाडीची वायर आणि लग, म्हणजे तिच्या टोकाला बसवायची भोकाची धातूची पट्टी, मिळतात. फक्त काय घेता ते बघा. घरगुती वायरिंगच्या नेहमीच्या पीव्हीसी वायरचं इन्शुलेशन ७० अंश सेल्सिअसपर्यंतचं असतं, तार तुलनेने कडक असते. बॉनेटखाली दोन्ही गोष्टी गैरसोयीच्या. गाडीसाठीच्या वायरला ८५, १०० किंवा १२५ अंशांचं रेटिंग मिळतं. वेल्डिंग केबल अनेक जण वापरतात, कारण ती बारीक तारांची, लवचीक आणि जाड मिळते. घ्यायची तर ‘एचओएफआर’ लिहिलेली घ्या, म्हणजे उष्णता आणि तेल सोसणारी आणि आग पसरू न देणारी. आणि तांब्याचीच आहे ना, हे विचारा. वेल्डिंग केबल अ‍ॅल्युमिनियममध्येही सर्रास मिळते.

फ्यूज कोणासाठी

बऱ्याच जणांना वाटतं की बॅटरीजवळचा मोठा फ्यूज अ‍ॅम्प्लिफायर वाचवायला असतो. अ‍ॅम्प्लिफायरचे फ्यूज त्याच्या अंगावर असतात, ते आपण पाहिले. बॅटरीजवळचा फ्यूज फक्त वायरसाठी असतो. हे डोक्यात बसलं की तो किती अँपिअरचा आणि कुठे, याची उत्तरं आपोआप येतात.

वायरचं इन्शुलेशन फाटून आतलं तांबं गाडीच्या पत्र्याला टेकलं, तर काय होतं ते जरा सावकाश पाहू. गाडीचा सगळा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो, त्यामुळे पॉझिटिव्ह पत्र्याला लागणं म्हणजे थेट शॉर्ट. मधे अ‍ॅम्प्लिफायर नाही, अडवायला काही नाही. लहान गाडीच्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.०१ ओहमच्या आसपास धरा. पाच मीटर ४ गेज वायरचा रोध ०.००४ ओहम. वायर डिकीपाशी शॉर्ट झाली तर १२.६ व्होल्ट भागिले ०.०१४, म्हणजे ९०० अँपिअर. त्या वायरमध्ये सव्वातीन किलोवॅट उष्णता तयार होणार, आणि तापायला आहे ते जेमतेम किलोभर तांबं. वायर दर सेकंदाला नऊ-एक अंशांनी तापत जाते. दहा सेकंदांत इन्शुलेशन मऊ, थोड्या वेळात धूर. तीच ८ गेजची वायर असेल तर सेकंदाला पंचवीसेक अंश. तिच्या अंगावर कार्पेट, फोम आणि प्लॅस्टिक असतं. बॅटरी स्वतःहून थांबत नाही, आणि चावी बंद करून काहीही होत नाही, कारण ही वायर चावीतून जातच नाही.

या सगळ्यात अ‍ॅम्प्लिफायरवरच्या फ्यूजने काय केलं? काहीच नाही. करंट त्याच्यापर्यंत पोहोचलाच नाही, वाटेतच पत्र्यात उतरला. म्हणून फ्यूज हवा तो वायरच्या सुरुवातीला. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचा तुकडा कायम उघडा, बेवारस असतो. तो जितका आखूड तितका बरा. सर्वमान्य मर्यादा दीड फुटाची, म्हणजे ४५ सेंटीमीटरची आहे. जागा असेल तर एका वितीत आणा. फ्यूज फायरवॉलच्या अलीकडे, बॉनेटच्या बाजूलाच हवा, कारण वायर कापली जाण्याची सर्वांत मोठी शक्यता त्या भोकाच्या पत्र्याच्या काठावर असते.

आता किती अँपिअरचा? दोन अटी आहेत. अ‍ॅम्प्लिफायरच्या गरजेहून कमी नको, नाहीतर ऐन गाण्यात उडेल. आणि वायरला झेपेल त्याहून जास्त नको. दोन अटींत भांडण झालं तर दुसरी जिंकते आणि वायर जाड घ्यावी लागते; फ्यूज वाढवायचा नाही. अस्सल तांब्याच्या वायरसाठी हात राखून धरलेले आकडे असे: १० चौ. मिमीला ५० ते ६० अँपिअर, १६ ला ८०, २५ ला १०० ते १२५, ५० ला २००. ४ गेजला १००च्या वर जायची गरज सहसा पडत नाही. आपल्या ६३ अँपिअरच्या मांडणीला ८० चा फ्यूज आणि २५ची वायर, दोन्ही बाजू सुरक्षित. सीसीए असेल तर हेच आकडे तिसऱ्या हिश्श्याने कमी करा.

किटमध्ये येणाऱ्या फ्यूजवर डोळे झाकून विसंबू नका. ‘८ गेज’ म्हणून विकलेल्या, प्रत्यक्षात त्याहून बारीक वायरसोबत १०० अँपिअरचा फ्यूज असेल, तर तो फ्यूज शोभेपुरताच. वायर पेटेल, फ्यूज शाबूत राहील. काचेच्या नळीतला जाडा फ्यूज दिसायला छान असतो, पण त्याची टोकं होल्डरच्या पत्र्यांना फक्त टेकलेली असतात. जास्त करंटला तिथेच तापतो. एएनएल किंवा मिनी-एएनएल फ्यूज स्क्रूने घट्ट आवळला जातो, तो घ्यावा. होल्डरला झाकण हवंच.

पुढे डिकीत एका वायरच्या दोन होतात. तिथे नुसता जोड देऊन चालत नाही. मागची जाड वायर ८० अँपिअरच्या फ्यूजने राखलेली आहे. पुढे मोनोब्लॉकला १० चौ. मिमीची वायर गेली तर ८० तिला जास्त होतात. म्हणून डिस्ट्रिब्युशन ब्लॉक घ्यायचा तो फ्यूजवाला: मोनोब्लॉकच्या फाट्याला ४०, चार चॅनलच्या फाट्याला ३०. नियम एवढाच, की जिथे वायर बारीक होते तिथे तिच्या मापाचा फ्यूज.

फ्यूज वारंवार उडत असेल तर तो काहीतरी सांगतोय. त्याजागी मोठा फ्यूज बसवणं किंवा घरातल्या जुन्या कटआउटसारखी तार बांधणं म्हणजे सांगणाऱ्याचंच तोंड दाबणं.

वायर नेताना

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं, आणि सगळं झाल्यावर फ्यूज सर्वांत शेवटी बसवायचा. फायरवॉलमध्ये कंपनीचंच रबरी बूच असतं, त्यातून जागा निघते का पाहा. नवीन भोक पाडलंत तर त्यात रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाचा काठ झाकणारी कडी, बसवल्याशिवाय वायर ओवू नका. गाडी रोज थरथरते आणि पत्र्याचा काठ रोज थोडं थोडं प्लॅस्टिक खातो. बॉनेटखालच्या भागात वायरवर नालीदार प्लॅस्टिकची नळी चढवा, सायलेन्सरच्या पाइपपासून आणि फिरणाऱ्या पट्ट्यांपासून लांब बांधा. ही नळी उंदरांपासूनही थोडं संरक्षण देते. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या बॉनेटमध्ये उंदीर शिरून वायरी कुरतडतात, हे गाडी असलेल्या बहुतेकांनी अनुभवलंय. कुरतडलेली वायर पत्र्याला टेकली की वर केलेला सगळा हिशेब प्रत्यक्षात उतरतो, आणि तेव्हा जवळ असतो तो फक्त बॅटरीजवळचा फ्यूज.

महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर सीएनजीच्या गाड्या भरपूर आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांची टाकी डिकीतच असते, जिथे अ‍ॅम्प्लिफायर बसवायचा असतो तिथेच. सीएनजी गाडी असेल तर माझा सरळ सल्ला: अ‍ॅम्प्लिफायर पुढच्या सीटखाली मावेल असा लहान घ्या आणि डिकीचा नाद सोडा. तरीही मागे न्यायचंच असेल, तर टाकीला, तिच्या पट्ट्यांना किंवा व्हॉल्व्हजवळ काहीही स्क्रू करू नका. वायर गॅसच्या उच्च दाबाच्या नळीला टाय मारून बांधू नका. वायरमनला ती तयार वाट सोयीची वाटते, म्हणून मुद्दाम सांगून ठेवा. आणि गाडी कुठल्याही इंधनाची असो, जमिनीच्या पत्र्यात आपोआप आटे पाडणारा स्क्रू घालण्याआधी गाडीखाली डोकावून बघा. खाली पेट्रोलची टाकी, इंधनाच्या नळ्या आणि ब्रेकचे पाइप असतात.

इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी केबलला हात लावायचा नाही, तिच्यात काहीशे व्होल्ट असतात. मारुती सुझुकीच्या काही स्मार्ट हायब्रिड गाड्यांत पुढच्या सीटखाली वेगळी लिथियम-आयन बॅटरी असते. जवळ आहे म्हणून तिच्यावरून वायर ओढायचा मोह टाळा.

निगेटिव्हच्या वायरकडे सगळे दुर्लक्ष करतात. जेवढा करंट लाल वायरीतून येतो तेवढाच काळ्या वायरीतून परत जातो, म्हणून तीही तेवढीच जाड हवी, फक्त आखूड: दीड फुटाच्या आत. बॉडी अर्थ पकडताना गाडीच्या मूळ पत्र्याला पकडा, बोल्टवर बसवलेल्या एखाद्या ब्रॅकेटला नको. रंग वीज वाहू देत नाही. लग जिथे बसणार तेवढा गोल चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, लग बोल्टने आवळा आणि मग वरून रंग किंवा ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तिथे गंज. सीटबेल्टचा बोल्ट आयता मिळतो, पण तो अपघातात माणूस धरून ठेवायला आहे, त्याखाली लग सरकवू नका. काही नव्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो. अशा गाडीत अ‍ॅम्प्लिफायरचं निगेटिव्ह थेट त्या टर्मिनलवर न जोडता बॉडीलाच द्या, नाहीतर गाडीचा चार्जिंगचा हिशेब चुकतो.

सांध्यांबद्दल माझं मत कडक आहे. वायरी एकमेकींना पिळून वर काळी टेप, हा प्रकार पॉवरच्या वायरला अजिबात नको. योग्य मापाची तांब्याची लग, योग्य मापाच्या क्रिम्पिंग टूलने दाबलेली, वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आक्रसून घट्ट बसणारी नळी. हातोडीने चेपलेली लग क्रिम्प नसते. नुसतं सोल्डर केलेला जोडही नको, कारण वायर तिथे कडक होते आणि थरथरीने मोडते. मोठ्या वायरचं क्रिम्पिंग टूल घरी कोणाकडे नसतं. केबलच्या दुकानात किंवा पॅनल बनवणाऱ्याकडे सांगितलं तर दाबून देतात.

अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून गाडीसाठी वीज तयार करणाऱ्या जनित्राचा, विषय थोडक्यात. लहान हॅचबॅकचा अल्टरनेटर साधारण ६० ते ९० अँपिअरचा, आणि तोही इंजिनाला वेग असताना. सिग्नलला उभं असताना, रात्री, एसी आणि हेडलाइट चालू असताना त्याच्याकडे फारसं शिल्लक नसतं. तिथे ठोक्याला लाइट मंद होत असतील तर वायर जाड करून थोडा फरक पडेल, पूर्ण नाही. अशा वेळी दुकानात ‘एक फॅरडचा कपॅसिटर’ पुढे येतो. त्याचं गणित करून पाहा: १४ व्होल्टवरून १३ वर येताना तो १३.५ ज्यूल देतो. आपले दोन अ‍ॅम्प्लिफायर ८६४ वॅट घेत असतील तर ही शिदोरी सेकंदाच्या साठाव्या भागापुरती. त्या पैशांत जाड वायर येते.

बसवून झालं की मल्टिमीटर घ्या. इंजिन चालू, बासची गाणी मोठ्याने. आधी बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा, मग अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह स्क्रूंवर. दोन्हींतला फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. जास्त आला तर दोष कुठल्या बाजूला आहे ते शोधायला एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लांब वायर जोडून दुसरं अ‍ॅम्प्लिफायरच्या निगेटिव्हला लावा, इथे ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ नीट घासलेला नाही किंवा बोल्ट सैल आहे. अर्धा तास वाजवल्यावर फ्यूज होल्डर, लग आणि वायरला हात लावून बघा. कोमट चालेल. एकच जागा चटका देत असेल तर तिथला सांधा वाईट आहे, वायर कितीही चांगली असो. सांधा उघडून पुन्हा करून घ्या, आणि महिन्याभराने सगळे स्क्रू एकदा आवळून बघा. बारीक तारांची वायर स्क्रूखाली बसायला थोडे दिवस घेते, आणि पहिल्या महिन्यात हमखास अर्धा आटा जागा देते.